बोलून दाखवायचं वाक्य

दिग्रसच्या बसस्टँडसमोर, एका मोबाईलच्या दुकानाच्या वर आमचा इंग्रजीचा क्लास भरायचा. तिथे वयाने सगळ्यात मोठी मीच. बाकीची पोरंपोरी विशीच्या आसपासची. कुणाला हैदराबादेत नोकरी हवी होती, कुणाला बँकेची परीक्षा द्यायची होती. एकीचं लग्न ठरलं होतं आणि होणारा नवरा इंग्रजीत मेसेज पाठवायचा, म्हणून बापाने तिला आणून बसवलं होतं. मला एका जागी तासभर बसायची सवयच राहिली नव्हती. मी सारखी चुळबुळ करायचे, घड्याळ बघायचे, पदर सावरायचे. एकदा मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्हाला कुठं जायचं आहे का?"

जायचंच होतं. म्हणून तर आले होते.

पुण्यात म्हाताऱ्या माणसांसाठीच्या एका निवासात नर्सची जागा निघाली होती. नर्सिंगच्या शिक्षणात माझ्यासोबत असलेल्या मैत्रिणीने कळवलं. तिथे राहणारे लोक मोठमोठ्या हुद्द्यांवरून निवृत्त झालेले, मुलं परदेशात, बोलणं बरंचसं इंग्रजीत. म्हणून मुलाखतही इंग्रजीत आणि फोनवर, एकमेकांचं तोंड बघत. राहायची सोय तिथेच. मैत्रिणीने हे सांगितलं त्या दिवसापासून माझ्याकडून भाजीत मीठ पडेना, पडलं तर दोनदा पडे.

आपण पैशासाठी जातोय असं सांगितलं की लोकांना बरं वाटतं, पण मला पैशासाठी जायचं नव्हतं. मला ड्युटी हवी होती. ठरलेल्या वेळी सुरू होणारी आणि ठरलेल्या वेळी संपणारी. दुसरी बाई येते, तिला सगळं समजावून सांगायचं, हात धुवायचे आणि निघायचं. लग्नानंतर काही वर्षं मी यवतमाळला एका खाजगी दवाखान्यात काम केलं होतं. तिथलं मला सगळ्यात आवडायचं ते हेच, हात धुऊन निघणं. पुढे मुलगी झाली, नोकरी सुटली. मुलगी मोठी होऊन हॉस्टेलला गेल्यावर परत रुजू होणार तेवढ्यात सासूबाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली. जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि ती आधीपासूनच चांगली धारेची होती.

तेव्हापासून घरातली ड्युटी संपत नव्हती. नवरा जिनिंगमध्ये फिटर. कापसाच्या हंगामात तो घरी येतो तो डोक्यावर रुई घेऊन आणि येऊन झोपतो. माणूस चांगला आहे. पुण्याचं सांगितलं तेव्हा तो डोक्यातली रुई झटकत म्हणाला, "जाय. आईचं पाहू आमी." नणंद दोन गल्ल्या सोडून राहते. तिने सकाळ-संध्याकाळ यायचं, रात्री नवऱ्याने बघायचं, असं त्या दोघांनी ठरवलं. फक्त आईला सांगायचं कुणी, हे काही ठरेना. आधी निवड तर होऊ दे, मग सांगू, असं म्हणत आम्ही ते पुढे ढकललं. क्लासला कशाला जातेस, असं आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं तेव्हा मी म्हणाले, घरात वेळ जात नाही.

"येळ जात नसन तं तुरीची डाळ निवड," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मॅडमनी फळ्यावर ‘टेक केअर ऑफ’ लिहिलं आणि सगळ्यांना वाक्यं करायला सांगितली. पोरांना वाटलं, सोपं आहे. ‘टेक केअर’ तर रोज फोनवर लिहितो. खरंच आजकाल आमच्याकडे सगळे तेच लिहितात. पूर्वी माणूस निघाला की ‘सांभाळून जा’ म्हणायचे, ‘पोचल्यावर फोन कर’ म्हणायचे. म्हणजे फोन येईपर्यंत म्हणणाऱ्याचा जीव टांगलेला असायचा. आता अंगठ्याने टेक केअर दाबलं की मोकळे. मॅडम म्हणाल्या, ते निरोपाचं झालं. मला कामाचं वाक्य पाहिजे. कोण कुणाचं बघतं, ते सांगा.

एक पोरगा म्हणाला, माझा बाप कापसाची काळजी घेतो. दुसरा म्हणाला, माझी आई बापाची काळजी घेते. मग हशा झाला. लग्न ठरलेली पोरगी लाजत लाजत म्हणाली की तिचा नवरा तिची काळजी घेईल, आणि मॅडमनी भविष्यकाळ बरोबर आहे म्हणून तिला शाबासकी दिली. माझी पाळी आली. मी म्हणाले, नर्स पेशंटची काळजी घेते.

"बरोबर. पण तुमचं सांगा. ‘मी’ने सुरुवात करा."

मी उठून उभी राहिले. वाक्य येत होतं. सगळे शब्द माहीत होते. पण ‘आय’ म्हटलं आणि तोंडाला कुलूप लागलं.

मॅडमना माझ्या मुलाखतीचं ठाऊक होतं. क्लास सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, "ताई, तुमच्या कामात मोठा खंड आहे. ते पहिलं हेच विचारणार, इतकी वर्षं काय केलं? घरी होते म्हणालात तर संपलं. सासूबाईंचं सगळं तुम्ही केलंय ना? मग तेच तुमचं सर्टिफिकेट. अभिमानानं सांगायचं. आय टेक केअर ऑफ माय मदर-इन-लॉ. म्हणा."

तिथे मी म्हटलं. पुटपुटत, भिंतीकडे बघत म्हटलं.

मॅडमची काही चूक नव्हती. पण आमच्या घरात हे वाक्य कोणत्याही भाषेत चालत नाही. केलेलं बोलायचं नाही, हा आत्याबाईंचा कायदा. मी नवी नवरी होते तेव्हाची गोष्ट आहे. शेजारची सून बाळंत झाली, तिच्या माहेरचं कुणी नव्हतं. आत्याबाईंनी सव्वा महिना त्या बाळाला रोज न्हाऊ घातलं, बाळंतिणीला शेक दिला, जेवण नेऊन दिलं. वर्षभरात त्याच शेजारणीने नालीच्या पाण्यावरून आत्याबाईंशी असं भांडण काढलं की सगळी गल्ली दारात उभी. नाही नाही ते बोलली. माझं रक्त उकळत होतं. मला वाटत होतं, आता काढतील, आता त्या बाळंतपणाचं काढतील. नाही काढलं. पाण्याचं भांडण पाण्यावरच संपवून घरात आल्या. मी विचारलं, काहून नाई सांगतलं तिले? तर म्हणाल्या, "केलं थे केलं. बोलून दाखोलं का सारी माती होते."

मला तेव्हा ते फार मोठं वाटलं. पुढे पुढे त्याचाच राग यायला लागला. कारण हा कायदा दोन्ही बाजूंनी होता. केलेलं बोलायचं नाही, तसं झालेलंही बोलायचं नाही. इतकी वर्षं मी त्यांना उचलत होते, फिरवत होते, भरवत होते, पण ‘बरं वाटलं’ एवढंसुद्धा कधी कानावर पडलं नाही. पाणी गरम झालं तर बोलणार, भाकर कडक झाली तर बोलणार. माझा दीर हैदराबादेत असतो. तो दर सणाला लिहितो, "वहिनी, टेक केअर ऑफ आई." त्याच्या वाक्यात काहीच चूक नसते. ते वाचून मी फोन गादीवर फेकायचे, जमिनीवर नाही, कारण फोन माझाच होता.

तर हे वाक्य मला पाठ करायचं होतं, आणि घरात जागा एकच. मी आत्याबाईंच्या खाटेशीच ते म्हणायला लागले. चादर बदलताना, टाचेखाली कापसाची गादी सरकवताना, पाठीला पावडर लावताना. तोंडात बसावं म्हणून जोरात म्हणायचे. त्यांना इंग्रजीचा गंध नाही, तेव्हा मी बिनधास्त होते. पण रोज रोज तेच ऐकून एक दिवस त्यांनी विचारलं, "काय वो, हे काय म्हनून राह्यली तू रोज?"

काहीही थाप मारता आली असती. देवाचं नाव आहे म्हटलं असतं तरी खपलं असतं. पण मी कामात होते, घाईत होते, आणि खरं सांगू तर मला एकदा ते मराठीत म्हणून बघायचं होतं.

"मी सासूचं सारं करतो, असं म्हनून राह्यली," मी म्हणाले.

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरायला गेले तर त्यांनी फणी हातातून घेतली. डाव्या हाताने अर्ध्या डोक्यावरून फिरवली आणि बाजूला ठेवली. आंघोळीला नको म्हणाल्या, पुसूनही नको. भाकर कुस्करून भरवायला लागले तर ताट ओढून घेतलं आणि डाव्या हाताने खाल्लं. निम्मं लुगड्यावर सांडलं, ते वेचून खाल्लं. मला वाटलं, लहर आहे, जाईल. दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं की तांब्या भरलेला तसाच राहतोय. एप्रिल संपत आलेला, घरातल्या भिंतीसुद्धा तापलेल्या, आणि ही बाई पाणी पीत नाही. का, ते कळायला नर्स असायची गरज नव्हती. पाणी प्यायलं की उठवावं लागतं. उठवायला मी लागते.

त्या संध्याकाळी अंग तापलं. ओठ कोरडे, लघवी थेंब थेंब. डॉक्टरांना घरी बोलावलं, सलाईन मीच लावलं. शीर सापडत नव्हती. सापडली आणि सलाईन चालू झालं, तेव्हा इतक्या वेळचं सगळं माझ्या तोंडातून बाहेर पडलं.

"पानी काहून नाई पेलं? मराचं हाय काय तुमाले?"

"मले बोलून दाखोतं तू," त्या छताकडे बघत म्हणाल्या. "रोज. उशाशी उभी राहून."

"बोलून नाई दाखोत मी! इंग्रजी शिकून राह्यली!"

"इंग्रजीत दाखोलं तं काय झालं? थे का दाखोनं नाई होय?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी ओरडले. म्हणाले, तसं म्हटलं नाही तर मला कुणी नोकरीवर घेणार नाही. पुण्याला माझी मुलाखत आहे, ते विचारणार इतकी वर्षं काय केलं, तर मी काय सांगू, झोपले होते म्हणून सांगू?

बोलून गेले आणि मग कळलं, काय बोलून गेले. नवरा दारात उभा होता. तो तसाच मागे सरकला.

आत्याबाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, "कवा जानार?"

"अजून कोठी काय? मुलाखत व्हाची हाय."

"पानी दे," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या पाणी प्यायला लागल्या, आंघोळही करू दिली. पण पुण्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. जा म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत. मी खाटेजवळ आले की त्या डोळे मिटायच्या. मला ते सहन होईना. मी घरभर फिरायचे, डबे उघडून परत लावायचे, घासलेली भांडी पुन्हा घासायचे. ते वाक्य तर मी घरात म्हणायचंच सोडलं. गच्चीवर जाऊन म्हणून बघितलं, तिथेही जमेना. खाली खाट आहे हे पायांना कळत होतं.

मुलाखत भर दुपारी होती. कूलर आत्याबाईंच्याच खोलीत, आणि फोनला रेंजही तिथेच धड मिळायची. नवरा कामावर. मी इस्त्रीची साडी नेसले, खुर्चीवर पिठाचा डबा ठेवून त्याला फोन टेकवला आणि खाटेकडे पाठ करून बसले. आत्याबाईंनी डोळे मिटलेले होते.

पुण्याच्या बाई गोड बोलणाऱ्या होत्या. नाव, गाव, शिक्षण, सगळं नीट गेलं. दवाखान्याबद्दल विचारलं, तेही नीट गेलं. मग त्यांनी विचारलं, त्यानंतरची इतकी वर्षं तुम्ही काय करत होतात?

मी तोंड उघडलं. पाठीमागे खाट करकरली. मला तेव्हाचा तो भरलेला तांब्या दिसला.

"आय वॉज ॲट होम," मी म्हणाले.

"घरी, ठीक आहे. पण काही काम? कुणाची देखभाल?"

"नथिंग," मी म्हणाले.

त्या बाईंनी ओके म्हणून काहीतरी लिहिलं. त्या ओकेचा अर्थ मला समजला. इतके महिने क्लासचा जिना चढले, आणि एका शब्दात सगळं संपवून बसले. राग आला. स्वतःचा, खाटेचा, त्या कायद्याचा.

"काय विचारलं तिनं?" मागून आवाज आला.

"इतके वर्स काय केलं म्हनते."

"आन् तू काय सांगतलं?"

"काही नाई केलं म्हनून सांगतलं."

खाट पुन्हा करकरली. मग त्या म्हणाल्या, "फोन इकडं कर."

"आत्याबाई, थे इंग्रजीवाली बाई हाय."

"इकडं कर म्हनतो ना."

मी फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. का धरला, सांगता येत नाही. धारेच्या जिभेला विरोध करायची सवय नव्हती, असं समजा.

"बाई, हे खोटं बोलून राह्यली," आत्याबाई म्हणाल्या. पुण्याच्या बाई दचकल्या आणि मराठीत म्हणाल्या, "बोला आजी."

आणि माझी सासू बोलली. उभ्या जन्मात जे तिने स्वतःसाठी केलं नाही, ते तिने त्या परक्या बाईसमोर केलं. म्हणाली, ही मला रात्री उठून उठून कुशीवर करते, मी झोपले आहे असं समजते, पण मी जागी असते. टाचेला घासू नये म्हणून जिनिंगमधली रुई मागवून गादी शिवली, ती दर आठवड्याला उसवून उन्हात घालते. माझं लुगडं खराब झालं तर लेकाला कळायच्या आत धुऊन टाकते, त्याच्यापुढे माझी लाज ठेवते. पाणी पडलं असं सांगते त्याला. "भांडते बी लय. माह्यासारखीच हाय तोंडानं. पन भांडता भांडता कूस बदलून देते, हात नाई थांबत तिचा. इतके वर्स पडून हाव मी, पाठीले एक जखम नाई. पाहाची हाय काय? ए, दाखव माही पाठ हिले."

"नको नको आजी," पुण्याच्या बाई घाईने म्हणाल्या, "कळलं मला."

मी फोन तसाच धरून होते. नवऱ्याला सांगितलेली ती पाण्याची थाप आत्याबाईंना ठाऊक आहे, हेच मला ठाऊक नव्हतं.

मग त्या बाईंनी मला परत समोर घेतलं. इंग्रजी सोडूनच दिलं होतं त्यांनी. म्हणाल्या, इथे इंग्रजी येईल बोलता बोलता, तुम्ही एक तारखेपासून येऊ शकाल का? मी हो म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

मी तशीच खाटेच्या कडेवर बसले. आत्याबाई दमल्या होत्या, कपाळावर घाम आला होता. मी पदराने पुसला, या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत.

"काहून बोलल्या तुमी?" मी विचारलं. "तुमीच म्हनता ना, बोलून दाखोलं का सारी माती होते."

"म्हनूनच बोलली," त्या म्हणाल्या. "तू नाई बोलली, मी बोलून टाकलं सारं. आता फिटलं. तुह्यं माह्यं काही नाई राह्यलं. जाय तू."

हे त्यांनी इतकं सहज म्हटलं की मला आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा मी पदर हातातून सोडून दिला. मला सुटायचं होतं, कित्येक महिन्यांपासून पायाला दुसरं काही सुचत नव्हतं. पण अशी सुटका मला नको होती. मी रडत रडत त्यांच्यावर खेकसले, "काही फिटलं गिटलं नाई. मले नाई फेडाचं. सांगून ठेवतो."

त्यांनी डावा हात उचलून माझ्या तोंडावर ठेवला.

"मंग मनात ठेव," त्या म्हणाल्या. "बोलू नको."